भागीचे ऐंशी टक्के

माझा राग वाईट आहे, हे आदिलाबादच्या बस स्टँडामागं कोनालेही विचारा. बाबाराव मेकॅनिक म्हनलं की लोक आधी माझ्या तोंडाचं सांगतात, कामाचं मागून. पन त्या दिवशी दवाखान्यात माझं तोंड गप्प बसलं, आन् त्याचाच राग मले अजून येऊन राह्यला.

भागीरथा आमच्या तलमडुगूकडची, आमच्याच गल्लीतली. तिचा बाप देवाजी जलमभर दुसऱ्याच्या वावरात राबला, आन् पोरगी सरकारी शाळेत मास्तरीण झाली. दोन वर्सांची असतानी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. गुडघ्यावर हात दाबून चालते, वाकडी चालते, पन चालते. तिची शाळा बाजारहत्नूरच्या अंगाले, एका खेड्यात. बस फाट्यावर सोडते, तिथून पुढं चार किलोमीटर. बसची पायरी भागीच्या कमरेले लागते. कंडक्टर चांगला असला तर हात देते, नाई तर नुसता घाई करते. फाट्यावर आटो भेटला तर भेटला. उशिराचे दोन मेमो तिच्या हातात पडले होते. तिसरा आला की सस्पेंड, असं साहेबानं तोंडावर सांगून ठेवलं होतं.

हे दोन हजार नऊचं सांगून राह्यलो, तवा आपन आंध्रातच होतो. भागीनं एक जुनी बिनगेरची स्कूटर घेतली आन् माझ्या दुकानी आनून उभी केली. म्हने, दादा, हिले दोन चाकं लावून दे, मले लायसन काढाचं आहे. मी मागं दोन्ही बाजूनं चाकं बसवली, ब्रेक हाताशी आनला. महिनाभर रोज सकाळी कापसाच्या मार्केटाच्या मोकळ्या जागेत तिले शिकवली. चुन्यानं आठाचा आकडा काढून दिला. पहिल्या दिवशी वळनावर तिचा चांगला पाय खाली गेला, तसा मी खेकसलो, "पाय टेकवू नको, भागी! टेकवला की फेल."

तिनं गाडी थांबवली आन् हसत सुटली. हसता हसता डोये पुसाले लागली. माझं डोकं फिरलं. मी इथं उन्हात घसा फोडून राह्यलो आन् बाईसाहेबाले हसू सुचून राह्यलं! मंग तिनं सांगितलं.

ती तेरा वर्सांची असतानी दवाखान्यात अपंगांच्या सर्टिफिकेटाचा कॅम्प लागला होता. देवाजीनं तिले स्टँडापासून पाठीवर घेतली. चालता येत असूनही घेतली. दारात तिच्या कानात म्हनला, पाय टेकवू नको माय, डाक्टरले दिसलं तर कमी लिवन. डाक्टरनं पाहिलं, लटकलेली पोरगी, घामाघूम बाप. ऐंशी टक्के लिवून दिले. पोरगी चालूच शकत नाई, असा एक कागदही झाला, त्यावर देवाजीचा अंगठा. आन् हा बहाद्दर गावात येऊन गूळ वाटत सुटला, की माह्यी पोरगी ऐंशी टक्क्यानं पास झाली.

नोकरीले चाळीसच लागत होते, भागी म्हनली, पन बाबाले कोन सांगन? शाळेत जास्त टक्के तो हुशार, एवढंच त्याले ठाऊक. मीही हसलो तवा. मले काय माहीत, हे ऐंशी पुढं आडवे येनार आहेत.

टेस्टच्या दिवशी आर्टीओच्या मैदानात भागीनं आठ काढला, असा काढला की बाकीचे पोट्टे पाहत राह्यले. इन्स्पेक्टरनं पुन्हा काढाले लावला. पुन्हा काढला. मानूस वाईट नव्हता, खुश झाला. मंग त्यानं सर्टिफिकेट वाचलं आन् त्याचा चेहरा पडला. हिंदीत म्हनला, मॅडम, कागदावर तुमी चालूच शकत नाई. उद्या काही झालं तर लोक मले धरतील. दवाखान्याच्या बोर्डाकडून नवीन कागद आना, टक्के कमी झाले तर मी लगेच सही करतो.

मी भागीले म्हनलं, खड्ड्यात गेलं लायसन, चालव तशीच, अर्धा जिल्हा तशीच चालवते. तर मलेच मास्तरकी शिकवली. म्हने, मी पोरायले लाल दिवा, हिरवा दिवा शिकवते, दादा.

आन् टक्के कमी करायचे तर पुरी गोची. बोर्ड विचारन, आधीचे ऐंशी मंग कोनाचे? दुसऱ्या मंडलातल्या एका मास्तराचे असेच टक्के बदलले होते, तो सहा महिने चौकशीपायी घरी बसला. वरून देवाजीचा अंगठा. ऐंशी ठेवले तर गाडी नाई, कमी केले तर नोकरीवर गदा आन् म्हाताऱ्यावर खोटेपना. तरी तिनं बोर्डाले अर्ज केला, आन् तारखेपर्यंतच्या पंधरा दिवसांत पोरगी वाळून गेली. शेवटी बोर्डाच्या दिवशी आटोत बसल्यावर म्हनली, "दादा, जे होईन ते होईन. आज मी माह्या पायानं आत जाते." मले लय बरं वाटलं. मी म्हनलं, शाबास.

दवाखान्याच्या फाटकात उतरलो तर समोर देवाजी उभा. धुतलेलं धोतर, डोक्यावर पांढरा दुपट्टा. बोर्डाची चिठ्ठी गावच्या पत्त्यावर गेली होती, ती त्यानं कोनाकडून वाचून घेतली आन् पहिल्या बसनं आला. मी जयभीम केला, पन त्याचं ध्यान भागीकडंच. पोरीच्या नोकरीची तपासनी आहे, एवढंच त्याले समजलं होतं. गाडीचं, लायसनचं भागीनं त्याले कधी सांगितलंच नव्हतं. हा मानूस सत्तरीच्या पुढचा, चार पावलं चालला की दम लागते.

भागीच्या नावाचा पुकारा झाला. देवाजी उठला आन् सगळ्या लोकांदेखत तिच्यापुढं वाकला. पाठ पुढं केली, दोन्ही हात मागं.

"बस माय," म्हनला, "आन् पाय टेकवू नको."

भागीनं माझ्याकडं पाहिलं. मी मनात म्हनलं, चाल, भागी, चाल ना. तोंडानं बोलाले पायजे होतं, बोललो नाई. म्हाताऱ्याच्या पाठीची हाडं सदऱ्यातून दिसत होती, आन् तो तसाच वाकून वाट पाहत होता. भागीनं त्याच्या गळ्यात हात टाकले.

तो उठला. कसा उठला, त्याचं त्याले ठाऊक. उंबऱ्यापाशी त्याचा तोल गेला, आता दोघंही पडतात असं झालं. तवा मी काय करावं? मीच मागून भागीच्या पाठीले हात लावला आन् दोघायले आत ढकललं.

पुन्हा ऐंशीच लिवले. देवाजी बाहेर आला तो फुलून. धापा टाकत टाकत, ओळख ना पाळख त्या लोकायले सांगत होता, अजून उचलतो मी पोरीले. आमाले चहा पाजला. भागी हसून त्याच्याशी बोलत होती, त्याचा घाम पदरानं पुसत होती.

त्याले बसमंदी बसवून दिलं तवा माझा बांध फुटला. मी तिले नाई नाई ते बोललो, भर स्टँडावर. काऊन चढली पाठीवर? महिनाभराची माझी मेहनत मातीत घातली! तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी पाय टेकवला असता, तर बाबा पडले असते, दादा," एवढंच म्हनली.

मंग तिनं गुडघा दाबला, दांडा धरला आन् बाजारहत्नूरच्या बसमंदी चढली. मी हात द्याले पुढं झालो, तवर ती चढली होती.

तिसरा मेमो पोळ्याच्या आधी आला. स्कूटर माझ्या दुकानात ताडपत्रीखाली उभी आहे. इंजन जाम होऊ नये म्हनून दर रविवारी मी ती मार्केटात नेतो, एक आठ काढतो आन् पुन्हा झाकून ठेवतो.