ज्याची बोडी, त्याला पाणी शेवटी

फोन दिवाकरचा होता. दिवाकर माझा धाकटा भाऊ, गावी शेती करतो. पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. "भाऊ, आत्या गेली," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "सकाळी चहा पेली. मले म्हणे, आपल्या बांधीत पाणी झिरपून राहिलं, बंद करून ये. मी बंद करून आलो, तं गेली होती." माणसं जाताना देवाचं नाव घेतात, नातवंडांना जवळ बोलावतात. आमची कौसाआत्या आमच्याच धानाचं पाणी तोडायला सांगून गेली. रडू यायच्या आधी मला राग आला, हे लपवून काय उपयोग... तिला ओळखणाऱ्या कुणालाही त्यात नवल वाटणार नाही.

आंबागडची टेकडी जिथून अर्धी दिसते, तिथे आमची टोली आहे. ती वसवली आमच्या पणजीनं, गिरजामायनं. नवरा गेला, दिरांनी घरात राहू दिलं नाही, तेव्हा ती दोन लेकरं आणि एक म्हैस घेऊन सिहोऱ्याकडून इकडे आली. मालगुजारानं जंगल दाखवलं आणि जेवढं तोडशील तेवढं तुझं म्हणून सांगितलं. तिनं आपल्याकडची चार कुटुंबं सोबत आणली, झाडं पाडली, आणि सगळ्यांनी मिळून पाणी साठवायला बोडी खोदली. इथपर्यंत ठीक. पण हा इतिहास सांभाळायचं काम कौसाआत्याकडे होतं, आणि तिच्या तोंडी तो कधीच एका जागी टिकत नसे. गिरजामायनं कुऱ्हाडीनं वाघ पळवला, ही गोष्ट मी पहिलीत असताना ऐकली. सातवीत जाईपर्यंत तो वाघ मेला होता. धाकट्या बहिणीच्या लग्नात तर वऱ्हाड्यांसमोर दोन वाघ झाले. दुसरा कुठून आला म्हणून मी विचारलं, तर आत्या म्हणे, "जोडीनं रायते ना ते." आणि वर मलाच झापलं, की शिकल्यासवरल्या माणसानं पाहुण्यांसमोर घरच्या म्हातारीला खोटं पाडू नये.

आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली. आली ती पाहुणी म्हणून, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत घराच्या किल्ल्या, दुधाची चरवी आणि बोडी, तिन्ही तिच्या ताब्यात. माझी आई शेवटपर्यंत तिला विचारून भाजीत मीठ टाकत असे. बाबा तिच्याहून मोठे, पण बोडीचा विषय निघाला की तेही चपला घालून बाहेर पडत.

त्या बोडीचा नियम ऐका म्हणजे माझं दुखणं कळेल. आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, बोडीच्या पाळीला, तिच्या मातीच्या बांधाला, लागून, अगदी तिच्या कुशीत. जगात कुठेही जा, वरचा आधी भिजवतो आणि उरलं तर खालच्याला. आमच्या टोलीत उलट. बोडीचं पाणी सुटलं की ते आमच्या धुऱ्याला वळसा घालून आधी पार शेवटच्या शेतात जाणार, मग तिथून एकेक शेत वर येत येत सगळ्यात शेवटी आमच्याकडे. ज्याची बोडी, त्याला पाणी शेवटी... गिरजामायचा नियम. पाणी आमच्या डोळ्यांदेखत पुढे जायचं आणि आमचा धान मान टाकून त्याच्याकडे बघत राहायचा. एका कोरड्या वर्षी बाबांनी फावडं उचललं, तेव्हा आत्या तुडुमावर, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडावर, छत्री उघडून बसली. जेवण तिथेच, दुपारची झोपही तिथेच. बाबांनी तिला उन्हातान्हात समजावलं, मग दरडावलं. शेवटी तिच्यासाठी तांब्याभर ताक घेऊन गेले. पुढे दिवाकरनं पाणी ओढायला डिझेल इंजिन बसवलं, तर हिनं त्याचं हॅन्डल काढून धानाच्या ढोलीत पुरून ठेवलं आणि आम्ही आठवडाभर शोधत असताना आमच्याबरोबर शोधत राहिली!

सगळे म्हणायचे, तुमची पणजी देवमाणूस, केवढं दान! मला तर त्या दानाचा तिटकारा आला होता. पणजीनं पुण्य करायचं आणि त्याचा हप्ता पणतवंडांनी भरायचा, हे कुठलं शास्त्र? यंदा पोळ्याला गेलो तेव्हा मी हेच आत्याला बोललो. ती सपरीत, म्हणजे ओसरीत, खाटेवर पडून होती, बैलांची झूल नीट शिवली नाही म्हणून दिवाकरच्या बायकोला बोल लावत होती. मी म्हटलं, गिरजामायच्या दातृत्वानं आमच्या पोरांच्या ताटात काय पडलं ते सांग. ती उठून बसली. इतकी चिडली की खोकलाच आला.

"दातृत्व कायचं रे? तुले कोणं सांगतलं?" ती म्हणाली. "पयल्या साली तिनं पाणी आपल्यालेच घेतलं होतं. बोडी माही, हक्क माहा. खालच्याईचा धान जळला. उन्हाळ्यात चारही घरं उठून चालली गेली. मंग रायली ना एकटी, दोन लेकरं अन् ते जंगल. ना विस्तव मागाले शेजार, ना आजारात कोणी पाणी पाजणारा. लेकराले ताप भरला तं रातभर कोणाले हाक मारावं, हेच तिले समजेना. मंग पायी गेली अन् एकेकाच्या दारात बसून सांगतलं... चला, माहं शेत शेवटी भिजवीन. दानधर्म नोहे बाबू तो. एकटी पडली होती, ते भेव होतं."

 एवढ्या वर्षांत हे एकदा तरी सांगायचं होतंस, म्हटलं. तर म्हणे, घरच्या बाईची चूक लग्नकार्यात सांगायची असते का, तिथे वाघच बरा. ही आमची शेवटची भेट.

तेरवी झाली, मी भंडाऱ्याला परत आलो. आणि नेमका त्यानंतर पाऊस गेला. धान निसवायला आलेला, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. दसऱ्याच्या आधी दिवाकरचा फोन आला, की बोडीत पाणी थोडंच आहे, सगळ्यांना पुरायचं नाही, तू ये. मी गेलो. तुडुमाजवळ दिवाकर फावडं घेऊन उभा होता आणि शेजारी शामराव, सगळ्यात शेवटच्या शेताचा मालक. टोलीतल्या बऱ्याच घरांना आता कुलूप आहे; कोणी नागपूरला, कोणी रायपूरला. शामरावच सांगत होता, की यंदा तुम्ही आधी घ्या, बाई गेली, आता कोणी काही म्हणणार नाही. दिवाकरनं फावडं माझ्यासमोर धरलं. "तूच खोल भाऊ. लहानपणापासून तूच म्हणत आला."

खरंच म्हणत आलो होतो. मी पायजमा वर खोचला, चिखलात उतरलो आणि आमच्या बाजूचा बांध फोडला. पाणी आमच्या बांधीत शिरलं, अगदी सहज, जणू त्याला हाच रस्ता ठाऊक होता. इतकं बरं वाटलं की काय सांगू. पाळीवर येऊन मी शामरावला सहज विचारलं, तुझं काय मग यंदा?

"माहं काय," तो म्हणाला. "हे पीक गेलं तं मी बी पोराकडेच जातो म्हणतो. चार दिवसापासून तो बोलावूनच राहिला."

तो तक्रार करत नव्हता. तंबाखू चोळत नुसतं सांगत होता. दिवाकरनं माझ्याकडे पाहिलं. पोळ्याच्या दिवशी आत्या ते सांगत होती तेव्हा तोही सपरीतच बसला होता. तो खाली उतरला, मी फोडलेल्या जागी चिखल थापला आणि पाणी पाटानं खाली सोडून दिलं. शामराव नको नको म्हणत राहिला, मग पाण्याबरोबर आपल्या शेताकडे चालू लागला. मी त्याला अडवलं नाही. दिवाकरलाही अडवलं नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

पाणी वर येत येत आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा उशीर झाला होता. पाळीजवळच्या दोन बांध्यांतला धान पोचट निघाला. दिवाकरची बायको भांडी आपटत होती आणि तिचं काही चुकत नव्हतं. मी पाळीवर जाऊन बसलो आणि आत्याला नाही नाही ते बोललो. मेलीस तरी आमच्या तोंडचं पाणी काढून घेतलंसच, म्हटलं. तुझी गिरजामाय, तिचं भेव, तुझे वाघ, सगळ्यांचा उद्धार केला. आवाजही चढला असावा, कारण खालून दिवाकर वळून बघायला लागला. मी थांबलो. सवयीनं थांबलो, पलीकडून तिचं उलट उत्तर येईल म्हणून... आणि ते आलं नाही.