सहीबाबू

आमच्या विद्यापीठ केंद्राचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, रजेचा अर्ज तळापासून वर वाचत. तळाशी 'गैरहजेरीत काम पाहणाऱ्याची सही' अशी एक जागा असे. ती रिकामी दिसली की वरचं कारण वाचण्याचे कष्ट ते घेत नसत. अर्ज परत सरकवून विचारत, "सही कोनाची?" सगळे त्यांना सहीबाबूच म्हणत.

मी नवीन होतो तेव्हा एकदा गावाहून, इंझोरीहून फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. अर्ज खरडून धावलो. "बाबू, माय..."

"मायची सही चालत नाही इथं."

पोहरादेवीच्या यात्रेमुळे अर्धं ऑफिस रजेवर होतं. सही मिळवायला दोन तास गेले. घरी पोचलो तेव्हा आईची वाचा गेली होती. शेजारीण म्हणाली, आतापर्यंत तुझंच नाव घेत होती. त्या दिवशी या माणसाचा गळा धरावासा वाटला.

रविवारी तेच बाबू शिरपूरहून पेरूंची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. दिवसभर आईच्या उशाशी बसले, तिला चमच्याने पाणी पाजलं. मी बघतच राहिलो तर म्हणाले, "रविवारले सही लागत नाही, लेका." अशा माणसाचं करायचं तरी काय? पुढे रजेचे सगळे नियम त्यांनीच मला पोटच्या पोरासारखे शिकवले.

स्वतः ते रजा घेतच नसत. एकदाच घ्यायची वेळ आली. त्यांची बायको अकोल्याच्या दवाखान्यात होती. मेव्हणीचा फोन आला, लवकर या. बाबू अर्ज घेऊन टेबलामागून टेबल फिरले. कुणाला परीक्षेचं काम होतं, कुणाचा पेन चालत नव्हता. शेवटी माझ्यापाशी आले. माझ्या आईला पाणी पाजणाऱ्या या माणसाला मी तरी सही द्यायला हवी होती. पण तोंडातून निघालं, "सही कोनाची आनली, बाबू?"

सगळं ऑफिस खदखदून हसलं. मीही हसलो.

वाटलं, चिडून तसेच निघून जातील. कुणीही गेलं असतं. पण ते जागेवर जाऊन बसले आणि रिकाम्या जागेचा अर्ज समोर ठेवून दुसऱ्यांचे कागद तपासू लागले. दुपारी मला राहवलं नाही. जाऊन सही केली. त्यांनी अर्ज तळापासून वाचला. "तारीख राह्यली." मी तारीख टाकली.

त्यांची एसटी अकोल्याला पोचायच्या आत बायको गेली होती.

तेराव्यानंतर ते हजर झाले. मी पाय धरले. मला उठवत म्हणाले, "तुयं काई चुकलं नाई. जागा रिकामीच होती ना." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्या खुर्चीवर मी बसतो. कुणी अर्ज आणला की कारण न विचारता तळाशी मीच सही करतो, तारखेसकट. लोक मला देवमाणूस म्हणतात. त्यांना काय माहीत, या हातानं पहिली सही कुणाला आणि किती उशिरा दिली ते.