राक्षसाची कवळी

कवळीताईंच्या राक्षसांचे दात फार देखणे असत. बाई आठवडाभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायच्या आणि उरल्यासुरल्या प्लास्टरचे राक्षस ओतायच्या. राक्षस बाकी ओबडधोबडच, एक डोळा इकडे तर दुसरा तिकडे. पण तोंड उघडलं की थेट निवृत्त मुख्याध्यापक.

सुट्टीच्या दिवशी घरामागच्या त्यांच्या कामाच्या खोलीतलं टेबल झाडूनपुसून त्यावर हे राक्षस मांडले जात आणि खेळ सुरू होई. खेळ साधा. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. ते जमतं की फसतं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. बाकी सगळं जग, म्हणजे राजे, राक्षस, वारावादळ, कवळीताई चालवणार. थोडक्यात देवाचं काम, फक्त देवाला कुणी मधेच चहा मागत नाही.

चहा मागणारे ते धाकटे दीर. दिवसभर लिफ्टा दुरुस्त करायचे आणि खेळात योद्धा व्हायचे. शेजारचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर जादूगार होता. आठवडाभर घाई करून विटलेला असल्यामुळे तो एकेक मंत्र अर्धा तास म्हणायचा. आणि चिमटी नावाची अट्टल चोर म्हणजे कवळीताईंच्या सासूबाई.

सासूबाई पहिल्यांदा खोलीत आल्या होत्या त्या झाडायलाच. “सुट्टीच्या दिवशी घर सोडून हे काय बाहुल्यांचे खेळ?” असं विचारायला म्हणून दारात उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “किल्ल्याच्या दारात एवढे पहारेकरी आहेत, तर मागच्या मोरीतून का जात नाही रे मेल्यांनो?” संपलं. त्या दिवसापासून चोरी हे खातं त्यांच्याकडे गेलं.

घरात सासूबाईंचा शब्द अखेरचा. भाजीत मीठ किती, पडदे कुठले, पाहुणे कधी, सगळं त्यांचं. टेबलावर मात्र त्यांना सुनेची परवानगी लागायची. सासूबाई काहीतरी अचाट बोलायच्या, कवळीताई ठणकावून “नाही” म्हणायच्या, मग दोघींची जुंपायची. सासूबाईंनी पटवून दिलं, की “बरं, टाका फासा.” आठवडाभराचं सगळं साचलेलं तिथे वाहून जाई. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूशी तोंड वर करून बोलण्याची कवळीताईंची ही एकच जागा होती. आता तीच जायची वेळ आली.

झालं असं, की खेळ काढणाऱ्या कंपनीच्या नियमपुस्तकाची नवी आवृत्ती आली. आवृत्त्या तशा येतच असत. दर वेळी कंपनी सांगायची की आत्ताआत्तापर्यंत तुम्ही जे खेळत होता ते भंगार होतं, आणि लोक खुशीने नवं भंगार घ्यायचे. कवळीताई दुसऱ्या आवृत्तीवर जे बसल्या ते हलल्या नाहीत. पण या खेपेला नव्या आवृत्तीसोबत व्हिडिओ गेमही आला. दिरांनी तो आणून बैठकीतल्या टीव्हीला जोडला.

“वहिनी, पुढचा जमाना ह्याचाच आहे,” दीर म्हणाले. “नियम आपोआप बदलतात. आकडेमोड नाही, प्लास्टर नाही. खेळ चालवायला माणूसच लागत नाही.”

“मग माणसाने काय करायचं?”

“आराम!”

दिरांनी त्यात तयार केलेली चिमटी सासूबाईंनी टीव्हीवर पाहिली. तरणीताठी, केस उडतायत, कमरेला खंजीर. त्या हरखल्याच. “आणि ह्यात कुणाला विचारावं लागत नाही?” त्यांनी लेकाला विचारलं, अगदी सुनेकडे बघत.

त्या सुट्टीला टेबलाशी एकटा ड्रायव्हर आला, अर्धा मंत्र म्हणून गेला. कवळीताईंना रडूच आलं. मग राग आला, आणि त्यांनी एका बड्या गिऱ्हाइकाची कवळी इतकी घासली की ती पुन्हा करावी लागली.

तिकडे बैठकीत चिमटी पुलापर्यंत पोचली. पुलावर राक्षस. पडद्यावर तीन पर्याय आले: लढा, पळा, सोनं द्या.

“ह्याचे दात बघ,” सासूबाई म्हणाल्या. “पुढचे दोन गेलेत. धड खाता येत नाही म्हणून चिडतोय बिचारा. ह्याला कवळी देऊ या.”

“आई, ह्यात कवळी नाही.”

“विचारून तर बघ.”

“कुणाला विचारू?”

सासूबाईंनी स्वतःच टीव्हीला विचारलं. आधी गोडीने, मग आवाज चढवून. राक्षसाने चिमटीला खाल्लं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खाल्लं. दात नसताना हा माणसं कशी खातो, हाही प्रश्न त्यांनी टीव्हीला विचारला. टीव्हीने तेच तीन पर्याय दाखवले.

पुढच्या सुट्टीला कवळीताई टेबल न पुसताच कामाला बसल्या होत्या. सासूबाई आत आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या.

“इकडे कुठे, आई?” कवळीताईंनी मान वर केली नाही. “तिकडे बरं होतं की. कुणी नाही म्हणत नाही.”

“म्हणत नाही ना. तेच तर.” सासूबाई बराच वेळ प्लास्टरच्या राक्षसाचे दात चाचपत राहिल्या. “तो टीव्ही नाहीसुद्धा म्हणत नाही गं. नुसते तीन पर्याय ठेवतो आणि गप्प बसतो. अगदी तुझे सासरे. जन्मभर मी काहीतरी चौथंच मागत राहिले, आणि तो माणूस साधं भांडलासुद्धा नाही.”

कवळीताईंनी हातातली कवळी खाली ठेवली. फडकं घेऊन टेबल पुसलं. राक्षस मधोमध मांडला, फासा काढला. दारात दीर येऊन उभे राहिले होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“राक्षसाला कवळी द्यायची आहे,” सासूबाई म्हणाल्या.

काय बोलायचं ते कवळीताईंना ठाऊक होतं.

“नाही,” त्या ठणकावून म्हणाल्या. “आधी माप घ्यावं लागेल. त्याच्या तोंडात हात कोण घालणार?”

सासूबाई खुर्ची पुढे ओढून भांडायला बसल्या.