किती तास टिकायला हवं?

आईला अंतर किलोमीटरमध्ये कळत नाही, खाण्यात कळतं. शहाडच्या मावशीकडे घावन जातात, कोकणात गावी जाताना दशम्या. मी नोकरीसाठी अमेरिकेला निघाले तेव्हाही डोंबिवलीत मानपाड्याच्या आमच्या स्वयंपाकघरातून तिचा पहिला प्रश्न आला, "किती तास टिकायला हवं?"

मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने सोळा तास. पहिल्या खेपेला मी खरं तेच सांगितलं. तिने ओल्या नारळाच्या करंज्या दिल्या. विमानात शेजारी माझ्या ऑफिसातली एक जण होती. डबा काढला तर तूप झिरपून पिशवी, माझी नवी पँट, सगळं ओशट झालेलं. ती हसली. वाईट मनाने नव्हती हसली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरण्याआधी मी करंज्या कचऱ्यात टाकल्या आणि पुढच्या खेपेला आईला ठोकून दिलं, "अगं, आता विमानं बदलत जावं लागतं. दीड दिवस लागतो."

"अगंबाई! मग ओलं काही नकोच," म्हणाली आणि मेतकुटाची पुडी बांधली. मी सुटले.

मग ते खोटं निभावणं आलं. तिकडे घरी पोचून मी जेवायचे, झोपायचे आणि दीड दिवस भरत आला की फोन करायचे, "पोचले गं." तोवर ती इकडे देवापुढचा दिवा विझू द्यायची नाही, हे मला बाबांनी सांगितलं होतं. तरी मी आकडा बदलला नाही. कोडगेपणाच तो, दुसरं काय.

बाबा गेल्यावर दर सुट्टीत मी तिच्या मागे लागायचे, चल माझ्याबरोबर. ती नाहीच म्हणायची. हिला डोंबिवली सुटत नाही, असं वाटून मी एकदोनदा फटकन बोललेही.

यंदा आले तेव्हा डॉक्टरांनी तिला हृदयामुळे विमानाची कायमची मनाई केली होती. शेजारच्या काकू भेटायला आल्या. "वहिनी, आधीच जाऊन यायचं ना हो लेकीकडे," त्या म्हणाल्या.

"मनात फार होतं हो. पण दीड दिवसाचा प्रवास. मी नसते टिकले एवढी."

मी चहा घेऊन दारातच थबकले. काकू गेल्यावर तिच्यापाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, कचऱ्यातल्या करंज्यांसकट. मला रडू आवरेना. तिने चार शब्द सुनवावेत, निदान पाठ तरी फिरवावी, असं मला वाटत होतं.

तिने फक्त चहाचा कप खाली ठेवला.

"सोळा तास तर ओल्या नारळाची करंजीसुद्धा टिकते गं," ती म्हणाली. "मी नसते टिकले?"