थिजलेलं खोबरेल

आज सकाळी खोबरेलाची बाटली थिजलेली दिसली आणि एकोणीसशे पन्नासच्या आसपासची, वसईजवळच्या साबणाच्या कारखान्यातली थंडी आठवली. तिथे साबणाच्या कढयांकडे जाणाऱ्या नळातलं खोबरेल थिजू नये म्हणून नळाच्या खालच्या अंगाने वाफेची तांब्याची नळी सरळ न्यायची होती. आमच्या फिटरला, पाचूबंदरच्या एका कोळीकाकांना, आराखडा देऊन मी चार दिवस मुंबईला गेलो. परतलो तर काकांनी डोलकाठीला दोर गुंडाळावा तशी नळी वेटोळी घालून बसवली होती, वर काथ्या आणि माती थापून. प्रत्येक वेटोळ्याच्या तळाशी वाफेचं पाणी साचून वाफ अडली होती. तेल लोण्यासारखं घट्ट, कढया रिकाम्या आणि मालक माझ्याकडे बघत उभे. मी वैतागून म्हणालो, "काका, पाणी उताराने जातं एवढंही कळू नये?" "पानी कुठं जातं ते आमाला ठावं हाय, साहेब." "मग गुंडाळली कशाला?" त्यांनी शांतपणे माझाच कागद उलगडला. नळाभोवती नागमोडी रेघ होती; वाफेची नळी दाखवायची आमची कॉलेजातली खूण. "विचारायचं तरी," मी म्हणालो. "कोनाला? तुमी मुंबयला." माती फोडून नळी सरळ करण्यात दोन दिवस गेले. बाटली उन्हात ठेवताना आजही चीड आली, आणि ती काकांवर काढता येत नाही याची त्याहून जास्त.