सात रिपोर्ट, एकच बाई

सकाळी सातला आमच्या लॅबचं शटर वर गेलं की काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला. "सुईताई आल्यात ना?" आल्या असतील तर माणूस खुर्चीत बसतो, नसतील तर "मग उद्या येतो" म्हणून उपाशीपोटी परत फिरतो. काउंटरवर मी बसते, बावीस वर्षं झाली. नावं लिहून घ्यायची, नळ्यांवर लावायच्या चिठ्ठ्या काढायच्या, रिपोर्टचे लिफाफे हातात द्यायचे. मला सगळे अक्का म्हणतात. आणि सुईताई म्हणजे आमच्याकडे रक्त काढणारी बाई.

तिचा हात असा हलका, की लोक डोळे घट्ट मिटून "हं, टोचा" म्हणायचे आणि ती म्हणायची, "कापूस दाबून धरा, झालं कधीच." तान्ही मुलं, सुरकुतलेले म्हातारे, आजारपणात शिरा वाळून गेलेल्या बायका, कुणाचीही शीर तिच्या बोटांना सापडे. तोंडाचा पट्टाही चालू असायचा. एकदा व्यायामशाळेत जाणारा धिप्पाड गडी खुर्चीतच आडवा झाला. त्याच्या तोंडावर पाणी मारत म्हणाली, "अहो, अजून मी सुईचं झाकणही काढलं नाही."

अशी ही बाई सेहेचाळिसाव्या वर्षी घाबरट झाली.

सुरुवात कुलपापासून झाली. तिचा नवरा चौकात किल्ल्या बनवतो. घरातून शेवटी बाहेर पडणारा तोच. नऊ वाजले की ही त्याला फोन करायची, "कुलूप लावलंत ना?" तो बिचारा म्हणायचा, "अगं, माझा जन्म कुलपांत गेला. मी विसरेन?" तरी चहाच्या सुट्टीत ही उठायची, घरापर्यंत जायची, कुलूप दोनदा ओढून बघायची आणि धापा टाकत परत यायची. आम्ही हसायचो. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

मग बाकीचं सुरू झालं. अनोळखी नंबरचा फोन वाजला की चेहरा उतरायचा. आमच्या डॉक्टरबाई, म्हणजे लॅबच्या मालकीण, नुसतं "जरा आत ये गं" म्हणाल्या की हिला दरदरून घाम. भर थंडीत ओढणीने वारा घ्यायची. पहाटे चारला डोळे उघडतात आणि मग मेलं मिटतच नाहीत, असं म्हणायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं चाललं होतं. एक दिवस हळूच मला विचारलं, "अक्का, तुम्हांला असं कधी झालं होतं का?"

मी चिठ्ठ्या काढत होते. मान वर न करता म्हणाले, "वयाचं असतं गं. मला तर कळलंही नाही कधी आलं नि कधी गेलं."

ती "बरं" म्हणाली. नंतर तिने मला काही विचारलं नाही.

एका सोमवारी ट्रकवाले काका आले. तीस वर्षं ट्रक चालवून रिटायर झालेले, साखर तपासायला दर महिन्याला येणारे आणि सुईताईशिवाय कुणालाही हात न लावू देणारे. तिने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, कापूस फिरवला, सुई हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. मग सुई ट्रेमध्ये ठेवली, पट्टा सोडला आणि मागच्या खोलीत निघून गेली.

मी धावले. मागच्या खोलीत सॅम्पल ठेवायचा फ्रीज आहे. त्याचं दार सताड उघडं आणि ही कापसाच्या खोक्यावर बसून त्यात तोंड घालून बसलेली.

"अक्का, माझं हृदय बंद पडतंय."

हात बर्फासारखे, मान घामाने थबथबलेली. शेजारच्या दवाखान्यात नेऊन तिच्या हृदयाचा कागद, ईसीजी, काढून आणला. अगदी स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय उत्तम आहे. हे ऐकून कुणीही सुटकेचा श्वास टाकला असता. ही रडायला लागली.

वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा काका खुर्चीतच होते. पोटात अन्नाचा कण नाही, साखरेचा माणूस. मी म्हटलं, "काका, दुसऱ्या कुणाला बोलावू का?" तर म्हणाले, "घाई काय आहे? बसलोय की." तिने त्यांचं रक्त काढलं. शीर चुकली नाही.

त्याच आठवड्यात मी कुणी न नेलेल्या रिपोर्टांचा खण आवरायला घेतला. सात लिफाफे एकसारखे निघाले. सातही बायकांचे, सातही जणींचं वय सेहेचाळीस. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं तपासलेलं आणि सगळं ठाकठीक. दर पंधरा दिवसांनी एक, दिवसाचा पहिला नंबर, मी यायच्या आधी नोंदवलेला. फी चोख भरलेली, म्हणून कधी संशय आला नव्हता. नावं सात, पण फोन नंबर एकच. मला वाटलं, कुठल्या ऑफिसातल्या बायका असतील. रिपोर्ट घेऊन जा म्हणून सांगायला मी तो नंबर लावला.

आतल्या खोलीत, सुईताईच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला.

हा तिचा दुसरा नंबर होता, मला माहीत नसलेला. मी दारात जाऊन उभी राहिले, कानाला फोन तसाच. तिने माझ्या हातातले लिफाफे पाहिले आणि ती खाली बसली.

"स्वतःचं रक्त स्वतःच काढलंस?"

"हो."

"आणि ही नावं कुणाची?"

"शाळेतल्या मुलींची. माझ्या बाकाच्या पुढच्या-मागच्या." मग घाईने म्हणाली, "डॉक्टरबाईंना सांगू नका. मला काहीतरी मोठं झालंय, अक्का. ते सापडत नाहीये एवढंच. प्रत्येक वेळी वाटतं, या वेळी सापडेल. एकदा सापडलं की मी सुटले."

तेरा वर्षं माझ्यापासून चार पावलांवर काम करणारी बाई स्वतःच्या दंडाला दातांनी पट्टा आवळून रक्त काढत होती आणि मला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "सांगायचं तर तूच सांग. मी बरोबर येते."

डॉक्टरबाई बोलायला कमी. मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, सातही रिपोर्ट पत्त्यांसारखे टेबलावर मांडले, सगळे वाचले.

"रक्तात सापडत नाही ते नाहीच, असं तुला कुणी शिकवलं? मी तर नाही."

मग त्या विचारत गेल्या. झोप कशी आहे? अंगातून वाफा निघतात का? पाळी?

"चालू आहे की," सुईताई म्हणाली. "कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. म्हणून तर वाटलं, हे त्यातलं नसणार. ते पाळी गेल्यावर होतं ना?"

"जायच्या आधीची काही वर्षं जास्त त्रासाची असतात. कितीकदा पहिल्यांदा मनच बिथरतं." त्यांनी आपल्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना चिठ्ठी लिहिली आणि लिफाफे तिच्या हातात दिले. "हे घेऊन जा. तिचं निम्मं काम तू करून ठेवलंयस."

तिथे नवरा बरोबर गेला. तिथलं बोलणं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण एका बाबतीत एकमत होतं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की या वयात हार्मोन्स झोके घेतात, आज वर तर चार दिवसांनी खाली. झोप, धडधड, विनाकारण जीव घाबरा होणं, सगळ्याशी त्यांचा संबंध. एकदा रक्त काढून ते चिमटीत धरता येत नाहीत. म्हणजे तिला होत होतं ते खरंच होतं आणि मरण्यासारखंही काही नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर किल्लीवाल्याने विचारलं, "म्हणजे डॉक्टर, तिचा माझ्यावर राग नाही तर?"

"तो वेगळा असू शकतो," डॉक्टर म्हणाल्या.

सुईताई कित्येक महिन्यांनी हसली ती तिथे.

औषधं कुणाला चालतात, कुणाला नाही, म्हणून सगळं नीट विचारून, रक्तदाब बघून, घरात कुणाला काय होतं ते ऐकून मगच त्यांनी औषध ठरवलं. शिवाय दर गुरुवारी एका समुपदेशक बाईंकडे जायचं. सुईताईला ते आधी पटलं नाही. "मी काय वेडी आहे? पैसे देऊन बोलायचं? मी तर फुकट बोलते!" पण गेली. त्या बाईंनी सांगितलं, की घाबरं व्हायला लागलं की पळायचं नाही. पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास सोडायचा तो घेतल्यापेक्षा लांब, आणि मनात म्हणायचं, लाट आली, चढेल, उतरेल. आमच्याकडे सॅम्पलसाठी वेळ लावायचं छोटं घड्याळ आहे. ते तिने खिशात ठेवायला सुरुवात केली. पहिल्यांदा उतरायला अकरा मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात सात. मला येऊन सांगायची, जशी काही शर्यत जिंकली.

दुपारची कॉफी सुटली. सकाळी नवऱ्याबरोबर अर्धा तास चालणं सुरू झालं. घरातून मग दोघं एकदमच निघायचे, कुलूप तीच लावायची आणि तो शपथेवर साक्षीदार. लॅबमध्ये तिने लपवणं सोडलं. ट्रकवाल्या काकांना सरळ सांगितलं, "काका, मधेच दोन मिनिटं थांबले तर घाबरू नका. माझी पाळी जायची वेळ आलीय, त्याने जीव घाबरा होतो."

काकांनी बाही वर सारली. मग म्हणाले, "आमची ही त्या वयात भिंती धुवायची. रोज. मी समजत होतो, घर घाण आहे."

पण एवढ्यावर सगळं गोड झालं असं नाही. दोन-अडीच महिने बरे गेले आणि तिने गुरुवार चुकवायला सुरुवात केली. चालणंही बंद. आता काय, झाले मी बरी, असं तिचं म्हणणं. मग एका रविवारी मोठ्या दुकानात, वर पांढरे दिवे, मागे-पुढे रांग, भरलेली टोपली हातात, आणि तिला वाटलं भिंती जवळ येताहेत. टोपली तिथेच टाकून ती बाहेर पळाली. पायऱ्यांवर बसून मला फोन केला.

"अक्का, पुन्हा पहिल्यापासून."

मी रिक्षा करून गेले. तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. आणि जे इतके महिने मनात ठेवलं होतं ते बोलले. "तुला मी म्हणाले होते ना, मला कळलंही नाही म्हणून? ते खोटं होतं. त्या दोन वर्षांत मी माझ्या लेकाशी तीन महिने बोलले नव्हते. कारण विचारशील तर आज आठवत नाही. देवाशप्पथ आठवत नाही. मला लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगितलं नाही, आणि तू विचारलंस तेव्हा तुलाही उडवून लावलं."

ती माझ्याकडे वळली. "तीन महिने? लेकाशी?"

"जेवायला वाढायचे. बोलायचे नाही."

"अक्का, तुम्ही तर माझ्यापेक्षा पुढच्या निघालात," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या पायऱ्यांवर वेड्यासारख्या हसलो. लोक वळसा घालून जात होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच दुकानात गेली. मी येते म्हटलं तर नको म्हणाली. टोपली पुन्हा भरली, रांगेत उभी राहिली, मधे एकदा पाय टेकवून लांब श्वास सोडले, पिशव्या घेऊन बाहेर आली. आणि गुरुवारी समुपदेशक बाईंकडे वेळेआधी दहा मिनिटं हजर.

आता त्या गोष्टीला वर्ष होत आलं. त्रास गेला असं म्हणणार नाही. महिन्यातून एखादा दिवस ती गप्प असते, मधेच हात वर करते. मग मी पुढच्या माणसाला नाव-पत्ता पुन्हा विचारत बसवून ठेवते. पाच मिनिटांत ती खुर्चीकडे परत येते. लॅबमध्ये तिच्या वयाची कुणी बाई रिपोर्ट हातात घेऊन "सगळं नॉर्मल, मग मला होतंय काय?" म्हणाली, तर मी तिला आत सुईताईकडे पाठवते. दोघींचं बोलणं लांबतं, रांग कुरकुर करते. करू दे.

मागच्या शनिवारी सुईताईची मुलगी पहिल्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली. सोमवारी सुईताई आली ती डोळे सुजवून. मी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या.

"काय झालं गं?"

"रडले, अक्का. स्टँडवर, मग घरी, मग तिच्या कपाटासमोर. पोटभर." ती एप्रन चढवत होती. "छातीत धडधडलं. मी थांबून बघितलं, ही कुठली? तर ही वेगळीच. पोर लांब गेली म्हणून आईचा जीव तुटतो ना, तीच. साधी. हिचं कारण मला माहीत होतं. किती बरं वाटलं सांगू!"

"मग?"

"मग झोपले. भर दुपारी, चार तास. ह्यांनी स्वयंपाक केला. मीठ विसरले." तिने बाहेरच्या बाकावर नजर टाकली. तिथे सात माणसं उपाशीपोटी वाट बघत होती. "चला, पाठवा पहिला कोण आहे तो."