सतबीरचं लाइफ जॅकेट

पोळ्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता आमची तुकडी शहागडजवळ उतरली. दोन दिवसांच्या वादळी पावसानं गोदावरी शेतांत शिरली होती. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. माझं गाव तिथून वीस किलोमीटरवर. सोळा वर्षांच्या नोकरीत वर्दी घालून घरच्या मुलखात पहिल्यांदाच आलो होतो. छाती फुगली होती, खोटं का बोलू.

माझ्या बोटीवर नाईक सतबीर होता. रोहतककडचा, वय सव्वीस.

"उस्ताद, आप तो कहते थे जालना में पीने को पानी नहीं!"

"चुपचाप चाय पी."

तो हसला. ते हसणं अजून ऐकू येतं.

दहापर्यंत आम्ही तीन फेऱ्यांत एकवीस माणसं काढली. चौथ्या फेरीत एका शेतवस्तीवर म्हातारा-म्हातारी घराच्या पत्र्यावर बसलेली दिसली. म्हातारी लगेच बोटीत आली. म्हातारा हलेना.

"बाबा, बसा जल्दी. पाणी वाढायलंय," मी म्हणालो.

"बैलं गोठ्यात हायेत. काल खांदे मळले, जेवायचं आवतन दिलं. आन् आज त्यांला टाकून येऊ?"

"ऐका ह्यांचं!" म्हातारी ओरडली. "बैलांपायी मला रंडकी करतेत!"

"तू जाय. मी न्हाई येत."

मी रेडिओवर विचारलं. कॅप्टनसाहेबांचं उत्तर आलं, "सिर्फ इन्सान. जानवर नहीं. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो.

दुसऱ्या कुणी म्हाताऱ्याला उचलून बोटीत टाकलं असतं. मला जमलं नाही. पोळ्याला बैल जेवल्याशिवाय आमचे वडील घास घेत नसत.

गोठ्यात छातीभर पाणी होतं. बैल साखळीनं बांधलेले, आणि कडी खाली खुंट्यापाशी. लाइफ जॅकेट अंगात असलं की बुडी मारता येत नाही. सतबीरनं माझ्याकडं पाहिलं.

"उतार दे," मी म्हणालो.

अकरा वाजून पाच मिनिटांनी पहिला बैल पोहत बाहेर आला. थोड्या वेळानं दुसरा आला. त्याच्या मागोमाग गोठ्याची मातीची भिंत बसली, वर पत्रे आले. मी जॅकेट काढून तीनदा बुडी मारली. हाताला फक्त लाकूड लागलं.

वर आलो तेव्हा म्हातारा न सांगता बोटीत येऊन बसला होता. सतबीर संध्याकाळी पावणेपाचला मिळाला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं, "जॅकेट कोणाच्या हुकमानं काढलं?"

"त्यानं स्वतःहून काढलं, साहेब."

माझी बढती जवळ आली होती. नियम मोडल्यामुळं मृत्यू, असं कागदावर आलं. पुढच्या वर्षी मी नायब सुभेदार झालो.

पेन्शनवर आल्यावर, गेल्या हिवाळ्यात, मी सतबीरच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात हुक्का ओढत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जॅकेट काढायला मी सांगितलं, आणि नंतर खोटंही मीच बोललो.

त्यांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. मग घराकडं तोंड करून म्हणाले, "सुनती हो? अपने छोरे की गलती ना थी."

त्याची आई ओढणीला हात पुसत बाहेर आली. माझ्यासमोर बसली.

"फिर से बताओ," म्हणाली.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.